सिल्वासाची मुक्ती आणि अमेरिकेचा बेटावरचा तळ : नेमका संबंध काय?

मसाट (सिल्वासा) : दादरा-नगर हवेलीत दरवर्षी २ ऑगस्टला मुक्तिदिन साजरा होतो. १९५४ साली याच दिवशी सिल्वासावरचा पोर्तुगीज झेंडा उतरला. दादरा त्याआधीच, २२ जुलैला मोकळं झालं होतं. या लढ्यात सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे अशी मराठी घरांत परिचित असलेली नावंही होती. हा इतिहास इथे अनेकांना पाठ आहे. पण मसाटसारखी गावं कायद्याने भारतात यायला आणखी सात वर्षं लागली. त्या काळात अमेरिका पोर्तुगालच्या बाजूला का झुकली, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही.

सवय १८९८ पासूनची

अमेरिका स्वतः ब्रिटिशांविरुद्ध लढून स्वतंत्र झालेला देश. तरी १८९८ मध्ये स्पेनला हरवून तिने पोर्तो रिको आणि ग्वाम घेतले, २ कोटी डॉलर देऊन फिलिपिन्स घेतलं. हवाईही त्याच वर्षी जोडून घेतलं. जहाजांना कोळसा, नौदलाला बंदर आणि व्यापाराला आशियाची वाट हवी होती. १९४६ मध्ये फिलिपिन्सला स्वातंत्र्य मिळालं, पण अमेरिकेचे लष्करी तळ तिथेच राहिले. राज्य सोडलं तरी चालेल, तळ सोडायचा नाही, असा हा हिशोब होता.

तळ पोर्तुगालचा, झळ आपल्याला

अटलांटिक महासागरातली अझोर्स बेटं पोर्तुगालची. अमेरिकेतून युरोपकडे जाणाऱ्या लष्करी विमानांसाठी तिथला लाजेस तळ मोक्याचा. पोर्तुगाल १९४९ पासून नाटोचा संस्थापक सदस्य होता, आणि १९५१ मध्ये या तळाबाबत दोन्ही देशांत करार झाला.

आता १९५५ च्या डिसेंबरमधल्या तारखा पाहा. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन तेव्हा भारतभेटीवर होते आणि त्यांनी गोव्याबाबत भारताची बाजू घेतली होती. २ डिसेंबरला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्हा यांनी संयुक्त निवेदन काढलं. त्यात या वसाहतींना पोर्तुगालचे 'प्रांत' म्हटलं होतं. भारतात संताप उसळला. १४ डिसेंबरला पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला आणि २२ डिसेंबरला त्याने भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. मागणी एकच : दमणहून दादरा-नगर हवेलीत जायला वाट द्या.

कोर्टात पेशव्यांचे कागद

हा खटला थेट पुण्यापर्यंत गेला. १७७९ च्या तहानुसार पेशव्यांनी पोर्तुगीजांना वर्षाला १२,००० रुपये महसुलाची गावं दिली होती. गावं दिली म्हणजे राज्य दिलं का? न्यायालयाचं उत्तर : नाही, मराठ्यांनी दिला तो फक्त महसुलाचा हक्क. मात्र पुढे ब्रिटिशांनी पोर्तुगालची सत्ता प्रत्यक्षात मान्य केली होती, असंही न्यायालयाने नोंदवलं. १२ एप्रिल १९६० च्या निकालात खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यापुरता पोर्तुगालचा हक्क मान्य झाला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं नेण्याचा हक्क नाकारला गेला. भारताने वाट अडवून आपल्या बंधनाचा भंग केला नाही, हेही स्पष्ट झालं.

तोवर इथला कारभार वरिष्ठ पंचायत पाहत होती. निकालानंतर सोळा महिन्यांनी, ११ ऑगस्ट १९६१ ला हा प्रदेश भारतात विलीन झाला. करारावर सही करायला सनदी अधिकारी के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरतं 'पंतप्रधान' करावं लागलं.

केनेडी आले, पण...

१९६१ च्या सुरुवातीला केनेडी सरकारने अंगोलाच्या प्रश्नावर पोर्तुगालविरुद्ध मत दिलं, तेव्हा धोरण बदलल्यासारखं वाटलं. पण डिसेंबरमध्ये भारतीय सैन्य गोवा, दमण आणि दीवमध्ये शिरताच अमेरिकेने सुरक्षा परिषदेत सैन्य मागे घेण्याच्या ठरावाला साथ दिली. ठरावाच्या बाजूने ७ आणि विरोधात ४ मतं पडली. सोव्हिएत संघाच्या नकाराधिकारामुळे तो बारगळला. आधी बळाचा वापर करू नये, ही अमेरिकेची उघड भूमिका होती. पण अझोर्सच्या कराराची मुदत १९६२ अखेर संपणार होती, हेही तितकंच खरं.

म्हणून २ ऑगस्टचा इतिहास वाचताना सिल्वासाच्या पोलीस चौकीवर थांबून चालणार नाही. इथल्या वारली, कोकणा, धोडिया माणसांचं नागरिकत्व कुठलं, हा प्रश्न सात वर्षं लोंबकळत होता. आणि त्यावर मत देणाऱ्यांच्या हिशोबात या माणसांपेक्षा दूरच्या समुद्रातली एक धावपट्टी जड ठरत होती.