दान, हक्क आणि दुहेरी कर

अलीकडे आपल्या वस्त्यांत धर्मादाय प्रतिष्ठानांची ये-जा वाढली आहे. कुठे बालवाडी, कुठे फिरता दवाखाना, कुठे मुलींना शिष्यवृत्ती. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करण्याचे बंधन घातले, तेव्हापासून हा पैसा अधिक दिसतो. वर्गातली मुले मला विचारतात, ‘सर, हा पैसा घ्यावा की नाही?’ घ्यावा, पण डोळे उघडे ठेवून. त्यासाठी अमेरिकेतल्या काळ्या माणसांचा एक अनुभव तपासला पाहिजे. १९७२ साली आपल्या पँथरने ज्यांच्यापासून नाव घेतले, त्यांच्या आधीच्या पिढ्यांचा हा अनुभव आहे.

ज्युलियस रोझेनवाल्ड हे सीअर्स-रोबक कंपनीचे प्रमुख. टस्कीगी संस्थेच्या बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या सांगण्यावरून त्यांनी १९१२ साली अलाबामातील खेड्यांत काळ्या मुलांच्या सहा शाळांसाठी पैसे दिले. १९१७ साली रोझेनवाल्ड फंड स्थापन झाला. १९३२ पर्यंत दक्षिणेतील १५ राज्यांत सुमारे ५ हजार शाळा उभ्या राहिल्या. ज्या मुलांना त्याआधी देवळात किंवा पडक्या खोपटात शिकावे लागे, त्यांना खिडक्या-उजेडाची इमारत मिळाली. हे काम लहान नव्हे.

पण हिशेब पाहा. एकूण खर्च सुमारे २ कोटी ८० लाख डॉलर. त्यात फंडाचा वाटा सुमारे ४३ लाख. काळ्या शेतमजुरांनी आणि कुळांनी दिले सुमारे ४७ लाख, म्हणजे दात्याहून अधिक. शिवाय जमीन दिली, लाकूड दिले, अंगमेहनत दिली. उरलेली बहुतेक रक्कम सरकारी तिजोरीतली, आणि त्या तिजोरीत हे लोक कर भरतच होते. एकाच शाळेसाठी त्यांनी दोनदा पैसे मोजले. एवढे करून इमारत नावावर झाली ती गोऱ्यांच्या ताब्यातील शाळा-मंडळाच्या. इतिहासाने मात्र शाळांना नाव दिले दात्याचे.

आरोग्याची गोष्ट याहून कठोर आहे. याच फंडाने दक्षिणेतील काही जिल्ह्यांत काळ्या लोकांमध्ये सिफिलिसची तपासणी व उपचार सुरू केले. मंदी आली, फंडाने हात आखडला, उपचार थांबले. त्यांपैकी मेकन जिल्ह्यात १९३२ साली सरकारी आरोग्य खात्याने रोग्यांना उपचाराविना ठेवून नुसते निरीक्षण करण्याचा प्रयोग मांडला. सुमारे ४०० रोगी त्यात अडकले. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिले नाही. प्रयोग १९७२ साली उघडकीस आला, तेव्हा थांबला. या गुन्ह्याची जबाबदारी सरकारी खात्याची. पण दाता निघून गेल्यावर त्या लोकांच्या हाती उपचार मागण्याचा कोणताच हक्क उरला नव्हता, हेही तितकेच खरे.

माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. शिकलो तो अनुसूचित जातींसाठी १९४४ साली सुरू झालेल्या सरकारी शिष्यवृत्तीवर. ती थकली तर मोर्चा काढता येतो, विधानसभेत प्रश्न विचारता येतो, कोर्टात जाता येते. दात्याच्या दारी मोर्चा नेता येत नाही. तिथे फक्त आभाराचे पत्र द्यायचे असते. दान आणि हक्क यांतला फरक एवढा साधा आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी प्रत्येक प्रतिष्ठानाला तीन प्रश्न विचारावेत. निर्णय घेणाऱ्या समितीत वस्तीतली माणसे किती? इमारत, साधने, नोंदी कोणाच्या नावावर राहणार? तुम्ही गेल्यावर हे काम कोण चालवणार, आणि तसे शासनाकडून लेखी घेतले आहे काय? उत्तरे मिळाली तर पैसा जरूर घ्यावा. मात्र त्या पैशाने बालवाडी चालू असतानाही नगरपालिकेकडे अंगणवाडीची मागणी लावून धरावी. प्रतिष्ठानाचा दवाखाना दारात उभा आहे, म्हणून सरकारी दवाखान्यातल्या रिकाम्या डॉक्टरच्या जागेविषयी गप्प बसू नये.