सेव्ह नसलेले जग : व्हिडिओ गेम टेबलावर येतो तेव्हा

श्री. ना. पेंडसे यांचा ‘गारंबीचा बापू’ आधी कादंबरी म्हणून आला आणि नंतर नाटक म्हणून रंगमंचावर गेला. माध्यमांतर म्हटले की मराठी वाचकाला अशीच उदाहरणे आठवतात. कादंबरीतली झाडी आणि पायवाटा रंगमंचावर जशाच्या तशा उभ्या करता येत नाहीत. त्या पात्रांच्या बोलण्यातून आणाव्या लागतात. काय सोडायचे आणि कशाच्या बदल्यात, हा प्रत्येक माध्यमांतराचा मूळ प्रश्न असतो. या लेखात मी ज्या माध्यमांतराविषयी लिहितो आहे त्यात हा प्रश्न आणखी अवघड होतो, कारण तेथे प्रेक्षक नसतोच. जो बघतो तोच खेळतो. व्हिडिओ गेममधील एखादे काल्पनिक जग टेबलाभोवती बसून खेळायच्या ‘रोलप्लेइंग गेम’मध्ये आणायचे, असे हे माध्यमांतर आहे.

ज्यांनी असा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच माणसे टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक जण जग आणि प्रसंग सांगतो. इंग्रजीत त्याला ‘गेम मास्टर’ म्हणतात, मी ‘सूत्रधार’ म्हणतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. सूत्रधार परिस्थिती मांडतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात आणि यशाची खात्री नसेल तेथे फासे टाकतात. खेळ एका बैठकीत संपत नाही, महिनोन् महिने चालतो. त्यात कोणी जिंकत नाही की हरत नाही. आपल्या नाटकातल्या सूत्रधाराला पुढचे सगळे ठाऊक असते. या सूत्रधाराला शेवट माहीत नसतो, एवढाच फरक.

या प्रकाराची सुरुवात अमेरिकेत १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाने झाली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन हे त्याचे कर्ते. पात्राला किती मार सोसवेल हे आकड्यात सांगणारी ‘हिट पॉइंट’ ही कल्पना त्यातलीच. अर्नेसन यांनी ती आपल्या जुन्या जहाजयुद्धाच्या खेळातून उचलली होती. इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या संगणक-यंत्रणेवर विद्यार्थ्यांनी १९७५च्या सुमारासच या खेळाच्या संगणकी आवृत्त्या लिहायला सुरुवात केली. तेव्हापासून काल्पनिक जगांचे व्हिडिओ गेम हिट पॉइंट, अनुभवाचे गुण, पातळ्या हे सगळे टेबलाकडूनच घेत आले आहेत. म्हणजे आज एखादा व्हिडिओ गेम टेबलावर येतो तेव्हा लेक माहेरी येते म्हणायला हरकत नाही. मात्र ती सासरच्या सवयी घेऊन येते.

या सवयी मुख्यतः तीन. यंत्र हिशेब करते, यंत्र जग दाखवते आणि यंत्र काळ मागे नेते. टेबलावर यंत्र नाही, म्हणून ही तिन्ही कामे कोणीतरी माणसाने करायची किंवा सोडून द्यायची. कोणते काम कोणाकडे द्यायचे यावर रूपांतराचे यश ठरते.

आधी हिशेब पाहू. कॅनडातील बायोवेअर कंपनीचा ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ हा व्हिडिओ गेम २००९ साली आला. पुढच्याच वर्षी ग्रीन रोनिन या अमेरिकी प्रकाशनाने त्याचा टेबलावरचा खेळ आणला. त्याची रचना ख्रिस प्रामास यांची होती. व्हिडिओ गेममध्ये एका तलवारीच्या घावामागे यंत्र डोळ्याचे पाते लवायच्या आत बऱ्याच बेरजा-वजाबाक्या करते. प्रामास यांनी त्या बेरजा टेबलावर आणल्या नाहीत. त्यांनी तीन साधे सहा-बाजूंचे फासे घेतले आणि त्यांतल्या एकाचा रंग वेगळा ठेवला. घाव बसला आणि तिन्हींपैकी कोणत्याही दोन फाशांवर सारखा आकडा आला, तर वेगळ्या रंगाच्या फाशावर जेवढे असेल तेवढे जादा गुण मिळतात. ते तेथल्या तेथे खर्च करायचे. दोन गुणांत शत्रूला आडवा पाडता येतो, तीन गुणांत लगेच दुसरा वार करता येतो.

तीन फाशांच्या २१६ शक्यतांपैकी ९६ वेळा निदान दोन आकडे सारखे येतात, म्हणजे शंभरात सुमारे ४४ वेळा. जवळजवळ दर दुसऱ्या फेकीला टेबलावरची माणसे पुढे वाकून बघतात, याचे कारण या आकड्यात आहे. पडद्यावरच्या लढाईतले रक्त, ठिणग्या आणि आवाज टेबलावर आणता येत नाहीत. ‘आता काहीतरी होणार’ ही भावना आणता येते, आणि तेवढीच प्रामास यांनी आणली.

याच्या उलट वाट ‘द विचर’च्या रूपांतराने धरली. पोलिश लेखक आंजेय सापकोव्स्की यांची या मालिकेतली पहिली कथा १९८६ साली प्रसिद्ध झाली. सीडी प्रोजेक्ट रेड या पोलिश कंपनीने त्यावर २००७पासून व्हिडिओ गेम काढले. २०१८ साली आर. टॅल्सोरियन गेम्स या अमेरिकी प्रकाशनाने टेबलावरचा खेळ आणला. येथे एका घावाचा हिशेब असा : हल्ला करणारा दहा-बाजूंचा फासा टाकून त्यात आपले कौशल्य मिळवतो, बचाव करणाराही तेच करतो. मग घाव कोठे लागला त्यासाठी वेगळा फासा. मग इजा किती ते मोजायचे आणि चिलखत अडवील तेवढी वजा करायची. उरलेली इजा डोक्यावर असेल तर तिप्पट आणि हातापायावर असेल तर निम्मी धरायची. शिवाय चिलखत भेदले गेले असेल तर त्याचाही आकडा घटतो. हल्ल्याची बेरीज बचावापेक्षा सातने किंवा अधिकने वर गेली तर हाड मोडण्यासारखी गंभीर जखम होते.

हे सगळे करताना चहा गार होतो, हे खरेच. पण या संथपणाला अर्थ आहे. गंभीर जखम हिट पॉइंट भरून आले म्हणून बरी होत नाही, तिला वैद्य लागतो. व्हिडिओ गेममध्ये नायक गेराल्ट दोन घोट औषध पिऊन पुन्हा उभा राहतो. टेबलावर मोडलेला हात पुढच्या तीन बैठका मोडलेलाच राहतो, आणि मग खेळाडू तलवार उपसण्याआधी बोलणी करून बघतात. ‘विचर’च्या जगात हिंसा महाग आहे, हे लेखकाला वर्णन करून सांगावे लागते. येथे ते गुणाकार-भागाकार सांगतात.

दुसरे काम दाखवण्याचे. व्हिडिओ गेम एका माणसाच्या खांद्यावरून जग दाखवतो. ‘विचर’मध्ये तो माणूस म्हणजे राक्षसांची शिकार करून पोट भरणारा गेराल्ट. बाकीचे सगळे त्याला काम देणारे, त्याला फसवणारे किंवा त्याच्या तलवारीखाली येणारे. टेबलावर मात्र चार जण बसलेले असतात आणि चौघेही गेराल्ट होऊ शकत नाहीत. म्हणून या खेळात नऊ पेशे दिले आहेत. शिकारी विचर हा त्यांतला फक्त एक. बाकीचे गायक, कारागीर, गुन्हेगार, वैद्य, जादूगार, शिपाई, व्यापारी आणि पुरोहित. पडद्यावर रस्त्याच्या कडेला उभी असलेली माणसे येथे मध्यभागी येतात. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या मुलखातून एक व्यापारी, एक वैद्य आणि एक लोहार गाडी हाकत निघाले आहेत, अशी गोष्ट त्या व्हिडिओ गेममध्ये शक्य नव्हती. जग तेच राहिले, फक्त ते कोणाचे आहे याचे उत्तर बदलले.

या टप्प्यावर मराठीने मला एक अनपेक्षित मदत केली, ती सांगण्यासारखी आहे. आमचा गट ‘ड्रॅगन एज’चे जग मराठीत खेळतो. त्या जगात जादूगारांना ‘सर्कल’ नावाच्या मनोऱ्यात बंद ठेवतात आणि टेंप्लर नावाचे सैनिक त्यांच्यावर पहारा करतात. शहरातले एल्फ तटबंदीच्या आतल्या वेगळ्या वस्तीत राहतात आणि माणसांच्या घरी चाकरी करतात. इंग्रजीत या सगळ्यांना ‘यू’ पुरते. मराठीत तोंड उघडताक्षणी ठरवावे लागते : जादूगाराने पहारेकऱ्याला ‘आपण’ म्हणायचे की ‘तुम्ही’? पहारेकरी म्हाताऱ्या जादूगारालाही ‘तू’ म्हणणार का? आमच्यातल्या एकीची एल्फ चाकर मालकिणीला सतत ‘बाईसाहेब’ म्हणायची. सहाव्या बैठकीत ती पहिल्यांदा ‘तू’ म्हणाली आणि टेबलावर शांतता पसरली. फासा टाकायची गरज पडली नाही. नियमपुस्तकात नसलेला हा नियम आपल्या भाषेने पुरवला.

आता तिसरे काम, काळ मागे नेण्याचे. माझ्या मते सगळ्या रूपांतराचा कस येथे लागतो. व्हिडिओ गेममध्ये खेळ ‘सेव्ह’ करता येतो. निर्णय चुकला तर मागच्या जागी परत जाऊन दुसरा घेता येतो.

‘डार्क सोल्स’ने हीच सोय गोष्टीचा भाग केली. फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीच्या २०११मधील या गेममध्ये मेलेला नायक शेकोटीपाशी पुन्हा उठतो, पण जमवलेली पुंजी मेल्या जागी राहते. तिथपर्यंत पोचण्याआधी पुन्हा मेला तर ती कायमची गेली. खेळणारा तीसदा मरतो आणि तीसदा शिकतो, तेही बोटांनी. टेबलावर तीच लढाई तीसदा सांगितली तर माणसे उठून घरी जातील. स्टीमफोर्ज्ड गेम्सने २०२२ साली केलेल्या रूपांतरात म्हणून वेगळा उपाय योजला. व्हिडिओ गेममध्ये जीव आणि दम यांच्या दोन वेगळ्या पट्ट्या असतात. टेबलावर त्यांचा ‘पोझिशन’ नावाचा एकच साठा केला. घाव लागला की तो घटतो, आणि आपला वार जोरकस करायचा असेल तरी खर्च त्यातूनच. जिंकण्यासाठी जे द्यायचे तेच जगण्यासाठी राखायचे. बोटांची भीती अशी हिशेबात आली.

‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’मधला रेडक्लिफ गावचा प्रसंग याहून बोलका आहे. तेथल्या सरदाराचा लहान मुलगा कॉनर आजारी बापाला वाचवण्यासाठी एका पिशाचाशी करार करतो आणि ते पिशाच त्याच्या अंगात शिरते. रोज रात्री गावावर प्रेते चालून येतात. खेळणाऱ्यापुढे तीन वाटा असतात. मुलाला मारायचे, त्याच्या आईचा बळी देऊन रक्ताच्या जादूने त्याला सोडवायचे, किंवा तळ्याकाठच्या मनोऱ्यात जाऊन जादूगारांची मदत आणायची. तिसरी वाट धरली तर गाव तुमची वाट बघत थांबते. जाऊन येईपर्यंत तेथे काहीच घडत नाही. आई वाचते, मूल वाचते आणि किंमत शून्य. इतक्या भयंकर पेचाची धार त्या थांबलेल्या काळाने बोथट होते.

हाच पेच मी आमच्या टेबलावर मांडला, तेव्हा मनोऱ्याचे नाव निघताच पहिला प्रश्न आला, “जाऊन यायला किती दिवस?” यंत्राला असे कोणी विचारत नाही. मी म्हटले, चार दिवस. “मग तेवढ्या रात्री मुलाजवळ कोण?” अर्धा तास वाद झाला. शेवटी दोघे गेले आणि दोघे थांबले. जाणारे परतले तेव्हा मूल जिवंत होते. गावातला घंटा वाजवणारा म्हातारा आणि त्याची सून मात्र राहिली नव्हती. थांबलेल्यांपैकी एकाने त्या रात्री वाड्याचे दार आतून लावून घेतले होते. त्याने फासा टाकलेला नव्हता, निर्णय घेतला होता. पुढच्या बैठकीत त्याचे पात्र त्या घरी धान्याचे पोते घेऊन गेले. कोणी त्याला तसे करायला सांगितले नव्हते, आणि त्याला त्याचे कोणतेही गुण मिळाले नाहीत.

व्हिडिओ गेमचे जग टेबलावर आणणे म्हणजे त्याचे नकाशे, राक्षस आणि आकडे उतरवून घेणे, असा एक समज असतो. नियमपुस्तकाची जाडीही तो पक्का करते. आकडे लागतातच, आणि ते किती व कोठे ठेवायचे यात रचनाकाराचे कसब दिसते. पण प्रत्येक चांगल्या काल्पनिक जगाच्या पोटात एक प्रश्न असतो. ‘ड्रॅगन एज’मध्ये तो असा : ज्याच्यापासून धोका होऊ शकतो, त्याला आधीच बंदिस्त करावे का? यंत्र हा प्रश्न देखणा करून विचारते आणि उत्तर मागे घ्यायची मुभाही देते. टेबलावर देखणेपण बरेचसे जाते, फासे लवंडतात, कोणाला तरी शेवटची लोकल पकडायची असते. पण दिलेले उत्तर पाच माणसांनी ऐकलेले असते, आणि पुढच्या रविवारी खेळ तेथूनच सुरू होतो.