ॲम्ब्रोजचे दोन विजय

मिलानचा बिशप ॲम्ब्रोज याने सम्राट थिओडोसिअसला लिहिलेली दोन पत्रे आज सोळाशे वर्षांनंतरही चर्चेत आहेत. पहिले पत्र ३८८ सालचे. युफ्रेटिसच्या काठावर कॅलिनिकम नावाच्या गावात ख्रिस्ती जमावाने ज्यूंचे सिनेगॉग जाळले होते, आणि त्याची भरपाई तिथल्या बिशपकडून घेऊ नये असा आग्रह ॲम्ब्रोजने या पत्रात धरला आहे. दुसरे पत्र ३९० सालचे. थेसालोनिकात सम्राटाच्या हुकमाने निरपराध माणसांची कत्तल झाली होती. प्रायश्चित्त घेतल्याशिवाय सम्राटासमोर आपण वेदीवर अर्पण करू शकत नाही, असे त्याने या पत्रात बजावले. दोन्ही वेळा सम्राट नमला. ॲम्ब्रोजचा नैतिक हिशेब मांडणारे लोक बहुधा दुसरे पत्र जमेला धरतात, पहिले खर्ची टाकतात आणि बेरीज-वजाबाकी करून मोकळे होतात. पण ही दोन वेगळी खाती नाहीत. दोन्ही पत्रांमागे अधिकाराची एकच कल्पना उभी आहे. त्या कल्पनेत काय होते आणि काय नव्हते, हे पाहिले तरच या माणसाच्या वारशाचे खरे वजन कळते.

ॲम्ब्रोज बिशप झाला तो जवळजवळ अपघातानेच. त्याचा जन्म ३३९च्या सुमारास ट्रिअरला, रोमन साम्राज्याच्या वरिष्ठ अधिकारी वर्गात झाला. वकिली करून तो उत्तर इटलीतल्या एमिलिया-लिगुरिया प्रांताचा राज्यपाल झाला आणि त्याचा मुक्काम मिलानला पडला. ३७४ मध्ये तिथला बिशप ऑक्झेंशियस वारला. तो एरियन पंथाकडे झुकलेला, म्हणजे येशूला पित्याच्या बरोबरीचे देवत्व न देणाऱ्यांपैकी. साहजिकच पुढचा बिशप कोणत्या गटाचा, यावरून शहर हातघाईवर आले. बंदोबस्तासाठी राज्यपाल स्वतः चर्चमध्ये गेला, तर जमावाने त्याच्याच नावाचा गजर सुरू केला. तोवर त्याचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. तो उरकून आठवडाभरात त्याला बिशपच्या आसनावर बसवण्यात आले. ही हकिगत गमतीची म्हणून सांगितली जाते, पण तिच्यातली कामाची गोष्ट वेगळी आहे. हा माणूस न्यायासनावर बसून उठलेला होता. जाळपोळ म्हणजे काय, दंगलखोरांवर खटला का भरायचा आणि नुकसानीचा दंड कोणाकडून वसूल करायचा, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

त्याच्या अंगी दया नव्हती असेही नाही. ३७८ मध्ये एड्रियानोपलला रोमन सैन्याचा धुव्वा उडाला आणि गॉथ टोळ्यांनी हजारो माणसे धरून नेली, तेव्हा त्याने चर्चची सोन्याचांदीची पवित्र पात्रे वितळवून त्या पैशांतून कैदी सोडवले. एरियन विरोधकांनी ओरड केली, पण तो आपल्या निर्णयावर ठाम राहिला. नाबोथच्या द्राक्षमळ्याची बायबलमधली कथा घेऊन त्याने धनिकांवर एक प्रबंध लिहिला. जमीन देवाने सर्वांसाठी दिली आहे, तेव्हा श्रीमंत गरिबाला जे देतो ते मुळात गरिबाचेच असते, अशी त्याची मांडणी आहे. आजही ती वाचताना एखादा जमीनदार अस्वस्थ व्हावा. स्पेनमधल्या प्रिसिलियन या बिशपला पश्चिमेत सत्ता बळकावून सम्राट झालेल्या मॅक्झिमसने ट्रिअरला मृत्युदंड दिला. त्यासाठी ज्या बिशपांनी हट्ट धरला होता, त्यांच्याशी ॲम्ब्रोजने धर्मसंबंध ठेवला नाही. पाखंडी ठरलेल्या माणसाच्याही रक्तात धर्मगुरूने हात बुडवू नयेत, इतके त्याला कळत होते. म्हणूनच कॅलिनिकमचे प्रकरण ‘त्या काळचा एक असहिष्णू माणूस’ एवढे म्हणून मिटवता येत नाही.

कॅलिनिकम म्हणजे आजच्या सीरियातले रक्का. तिथल्या बिशपच्या चिथावणीने सिनेगॉग जाळले गेले, असा अहवाल पूर्वेकडच्या लष्करी अधिकाऱ्याने सम्राटाला पाठवला. त्याच भागात संन्याशांनी व्हॅलेंटिनियन या ख्रिस्ती उपपंथाचे प्रार्थनास्थळही पेटवले होते. मक्काबी हुतात्म्यांच्या सणाला हे संन्यासी स्तोत्रे गात निघाले असताना त्या पंथाच्या लोकांनी त्यांची वाट अडवली, हे कारण ॲम्ब्रोजच देतो. मक्काबी हुतात्मे हे ज्यू होते. ज्या समाजाच्या हुतात्म्यांचा सण हे संन्यासी साजरा करत होते, त्याच समाजाचे प्रार्थनास्थळ जाळणाऱ्यांची बाजू ॲम्ब्रोज या पत्रात घेतो आणि त्यातली विसंगती त्याला जाणवतही नाही. थिओडोसिअसचा हुकूम साधा होता. दोषींना शिक्षा करा आणि सिनेगॉग बिशपच्या खर्चाने पुन्हा बांधा. एखाद्या रोमन राज्यपालाने याहून वेगळे काय केले असते?

ॲम्ब्रोजचे म्हणणे असे, की बिशपने हुकूम मानला तर तो धर्मद्रोही ठरेल आणि नाही मानला तर हुतात्मा. सम्राटाला यांतले कोणते पाप डोक्यावर घ्यायचे आहे? हवे तर ही आग मीच लावली असे समजा, इथपर्यंत तो जातो. ख्रिस्ती धर्म सोडलेल्या सम्राट ज्युलियनच्या काळात ज्यूंनी चर्चे जाळली तेव्हा कोणी भरपाई दिली होती, असेही तो विचारतो. हा शेवटचा मुद्दा नीट पाहण्यासारखा आहे. प्रार्थनास्थळ जाळणे म्हणजे काय असते, हे पुरते कळत असणाऱ्याचा तो युक्तिवाद आहे. आपल्यावर झालेला अन्याय तो अन्याय म्हणून ओळखतो आणि दुसऱ्यावर झालेल्या अन्यायाच्या समर्थनासाठी तोच पुढे करतो.

पत्राने काम भागले नाही. सम्राटाने हुकूम काहीसा सौम्य केला, पण ॲम्ब्रोजला चौकशीच नको होती. पुढे मिलानच्या चर्चमध्ये काय झाले, हे त्यानेच बहीण मार्सेलिना हिला कळवले आहे. सम्राटासमोर प्रवचन देऊन तो खाली उतरला. आज तू माझ्यावरच बोललास, असे सम्राट म्हणाला. संन्यासी फार गुन्हे करतात, अशी कुरकूरही त्याने केली. सेनापती टिमेशिअस संन्याशांवर तोंडसुख घेऊ लागला, तेव्हा ॲम्ब्रोजने त्याला गप्प केले. चौकशी पूर्ण बंद होईल असे वचन मिळेपर्यंत तो वेदीकडे गेला नाही. सगळी मंडळी बसलेली, अर्पणविधी खोळंबलेला आणि मधोमध सम्राट. अखेर वचन मिळाले. पत्रातला सूर पश्चात्तापाचा नाही, समाधानाचा आहे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. चौथ्या शतकातल्या माणसाला आजच्या फूटपट्टीने का मोजायचे? धर्मस्वातंत्र्य आणि अल्पसंख्याकांचे हक्क या कल्पना तेव्हा कोणाच्या डोक्यात होत्या? आक्षेप तत्त्व म्हणून मान्य आहे, पण या प्रकरणाला तो लागू पडत नाही. कारण इथली फूटपट्टी ॲम्ब्रोजच्याच काळातली आणि त्याच्याच धर्माच्या राजाच्या हातातली होती. सिनेगॉग जाळणे हा रोमन कायद्याने गुन्हा होता. भरपाईचा हुकूम देणारा थिओडोसिअस कडवा ख्रिस्ती होता, आणि संन्याशांवर संतापणारा टिमेशिअस त्याच्याच दरबारातला. त्याआधी रोममधले जळालेले सिनेगॉग पुन्हा बांधण्याचा हुकूम मॅक्झिमसने दिला होता. ॲम्ब्रोज तो दाखलाही देतो, पण मॅक्झिमसचा पुढे नाश कसा झाला, हे सम्राटाच्या मनावर ठसवण्यासाठी. म्हणजे योग्य काय ते त्या काळाला माहीत होते, राजवाड्यात ते ठरलेही होते. ते उलटवण्यासाठी ॲम्ब्रोजला आपले सगळे वजन खर्च करावे लागले. ज्याला काळाच्या प्रवाहाविरुद्ध एवढे जोर लावून पोहावे लागते, त्याच्यासाठी काळाची सबब कशी चालेल?

आता थेसालोनिका. ३९० मध्ये तिथल्या जमावाने बुथेरिक या सेनाधिकाऱ्याला ठार मारले. त्याने एका लोकप्रिय रथस्वाराला तुरुंगात टाकले होते, हे निमित्त. सूड म्हणून सैनिकांनी शहरातल्या लोकांची कत्तल केली. थिओडोरेट हा चर्चचा इतिहासकार सात हजार हा आकडा देतो, पण तो अर्धशतकानंतर लिहीत होता, त्यामुळे आकड्यावर भिस्त ठेवता येत नाही. कत्तल झाली आणि ती सम्राटाच्या हुकमाने झाली, याविषयी मात्र शंका नाही. रुबेन्सचे व्हिएन्नातले प्रसिद्ध चित्र आहे ते याच प्रसंगावरचे. बिशप चर्चच्या दारात उभा, हात पुढे करून सम्राटाला अडवतो आहे. व्हॅन डाइकनेही हेच रंगवले. हे नाट्य थिओडोरेटकडून आले आहे. ॲम्ब्रोजच्या पत्रातून दिसणारा प्रसंग अगदी वेगळा आहे. आजारपणाचे कारण सांगून त्याने शहर सोडले आणि एक पत्र लिहिले, तेही स्वतःच्या हाताने आणि फक्त सम्राटाने वाचावे म्हणून. त्यात धमकीपेक्षा विनवणी जास्त आहे. तू माणूस आहेस, माणसाच्या हातून पाप झाले आहे, डोळ्यांतून पाणी काढ, असा त्याचा भाव. सम्राटाने राजचिन्हे उतरवून चर्चमध्ये सर्वांसमोर शोक केला आणि ३९०च्या नाताळात त्याला पुन्हा सहभोजनाचा संस्कार मिळाला.

या दोन्ही प्रसंगांत ॲम्ब्रोजने एकाच बायबल कथेचा आधार घेतला, हे सहज नजरेतून सुटते. दावीद राजाने बथशेबाच्या मोहात पडून तिच्या नवऱ्याला युद्धात मरायला धाडले. नाथान संदेष्टा राजाकडे गेला आणि गरिबाची एकुलती मेंढी हिरावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगून त्याने राजाच्याच तोंडून निवाडा वदवून घेतला. ३८८ मध्ये ॲम्ब्रोज नाथानचा आवाज काढतो आणि ३९० मध्येही. पण मारला गेलेला उरीया कोण होता? बायबल त्याला आवर्जून हित्ती म्हणते. तो इस्राएलच्या वंशाबाहेरचा होता. नाथान राजासमोर उभा राहिला तो आपल्या गोतावळ्याच्या रक्षणासाठी नाही, एका परक्याच्या खुनाचा जाब विचारण्यासाठी. ॲम्ब्रोजने नाथानचा पवित्रा उचलला आणि त्या पवित्र्याला ज्याने नैतिक बळ दिले तो उरीया वगळला. थेसालोनिकात मेलेले लोक त्याला आपल्या जबाबदारीचे वाटले. कॅलिनिकमच्या ज्यूंचे प्रार्थनास्थळ त्यांच्या नजरेत काय होते, हा प्रश्न त्याच्या पत्रात कुठेच येत नाही.

त्याने मांडलेले तत्त्व ‘राजा कायद्याच्या वर नाही’ असे नव्हते. राजा चर्चच्या वर नाही, एवढेच ते होते. कत्तल करणारा राजा समोर असला की दोन्ही वाक्ये एकच वाटतात आणि ॲम्ब्रोज न्यायाचा कैवारी दिसतो. जाळणारा बिशप समोर आला की ती फुटतात, आणि आपल्या माणसाला कायद्यातून सोडवणारा ॲम्ब्रोज दिसतो. माणूस बदललेला नसतो. बदललेले असते ते फक्त आरोपीचे नाव.

यावर दुसरा आक्षेप असा, की ३८८ झाले नसते तर ३९० झालेच नसते. त्या दिवशी चर्चमध्ये बिशपचा शब्द चालला, म्हणून दोन वर्षांनी सम्राटाने त्याचे पत्र मनावर घेतले. चांगल्या कामासाठी लागणारी सत्ता वाईट प्रसंगातून मिळाली, म्हणून इतिहासाकडे फार सोवळेपणाने पाहू नये. युक्तिवाद चतुर आहे, पण पुरावा उलट दिशेला जातो. ३८८ ची पद्धत जाहीर कोंडीची होती. ३९० मध्ये ॲम्ब्रोजने नेमकी तीच टाळली. तो दूर गेला, एकांतात बोलला, सम्राटाच्या सदसद्विवेकाला जागा दिली. थिओडोसिअसलाही आपल्या हुकमाचा पस्तावा आधीच झाला होता. ॲम्ब्रोजच्या पत्रावरूनच कळते, की त्याने तो मागे घेण्याची धडपड केली, पण फार उशीर झाला होता. ज्या सम्राटाला कॅलिनिकममध्ये न्याय कळला होता, त्यालाच थेसालोनिकात आपली चूकही कळली. पहिल्या विजयाने दुसऱ्याची वाट तयार केली असे म्हणण्यापेक्षा, दुसऱ्याचे निम्मे श्रेय सम्राटाचे होते असे म्हणणे अधिक रास्त.

आणि स्वतः ॲम्ब्रोजला कोणत्या विजयाचा अभिमान होता? त्याच्या पत्रांचा दहा भागांचा संग्रह आहे. त्याची जुळणी त्यानेच केली असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यात कॅलिनिकमचे पत्र आहे. इतकेच नव्हे, त्याच्या दोन प्रती मिळतात आणि संग्रहातल्या प्रतीच्या शेवटी एक जादा वाक्य आहे. राजवाड्यात ऐकून घे, नाहीतर चर्चमध्ये ऐकावे लागेल, असा त्याचा रोख. थेसालोनिकाचे पत्र मात्र या संग्रहात नाही, ते वेगळ्या वाटेने आपल्यापर्यंत आले. गोपनीय पत्र म्हणून ते बाहेर ठेवले असेल, तर ते त्याच्या संयमाला शोभणारेच आहे. पण परिणाम असा, की ज्यासाठी जग त्याला गौरवते ते त्याने झाकून ठेवले आणि ज्याची आज लाज वाटावी ते जगापुढे मांडले.

पुढच्यांनीही सोयीचेच उचलले. पोप सातव्या ग्रेगरीने सम्राट चौथ्या हेन्रीशी झालेल्या झगड्यात, हेन्रीने कॅनोसाला पोपची क्षमा मागितल्याच्या १०७७ मधल्या प्रसंगानंतर चार वर्षांनी, ॲम्ब्रोजने थिओडोसिअसला बहिष्कृत केल्याचा दाखला दिला. मेलेल्या थेसालोनिकरांसाठी नाही, पोपचा अधिकार सम्राटाहून मोठा हे सिद्ध करण्यासाठी. तत्त्वात जे राहून गेले होते, ते त्याच्या वापरातही राहून गेले. उलट कॅलिनिकममध्ये माघार घेतलेल्या थिओडोसिअसने ३९३ च्या सप्टेंबरात पूर्वेकडच्या सेनापतीला लेखी कळवले, की ज्यूंचा पंथ कोणत्याही कायद्याने निषिद्ध नाही आणि ख्रिस्ती धर्माच्या नावाखाली सिनेगॉग लुटणाऱ्या वा पाडणाऱ्यांना कडक शासन करावे. त्या वेळी ॲम्ब्रोज हयात होता आणि मिलानचा बिशपही तोच होता.