ब्राउझरचा इशारा

पनवेल स्थानकाच्या फलाटावर उभे राहून वर पाहिले, म्हणजे रुळांच्या डोक्यावरून गेलेली विजेची तार दिसते. गाडीच्या टपावरील पेंटोग्राफ नावाची चौकट त्या तारेला घासत वीज घेते आणि गाडी मुंबईकडे धावू लागते. ही तार पाहणाऱ्याला वर्षानुवर्षे तशीच वाटत आली. परंतु तिच्यातून वाहणारी वीज मात्र बदलली आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी भारतातील पहिली विजेची गाडी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत हार्बर मार्गाने धावली, तेव्हा तारेत १,५०० व्होल्ट दाबाचा दिष्ट प्रवाह, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह, होता. पुढे हा मार्ग वाढत वाढत पनवेलपर्यंत आला. गाड्या वाढल्या, त्यांची लांबी वाढली, तेव्हा जुनी व्यवस्था अपुरी पडू लागली. म्हणून रेल्वेने २५,००० व्होल्ट दाबाचा प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजे क्षणोक्षणी दिशा पालटणारा प्रवाह, आणण्याचे ठरवले. हार्बर मार्गावरील हे परिवर्तन एप्रिल २०१६ मध्ये पुरे झाले.

मग जुन्या गाड्यांचे काय झाले? ज्या गाड्या केवळ दिष्ट प्रवाहावर चालत, त्यांना या मार्गावर स्थान उरले नाही. त्यांची चाके झिजली होती किंवा यंत्रे बिघडली होती, असे नव्हे. तारेशी त्यांचे जमेनासे झाले होते, इतकेच. रेल्वेने हे आधीच ओळखले होते. त्यामुळे दोन्ही प्रवाहांवर चालू शकतील अशा गाड्या तिने अगोदर आणल्या आणि मगच जुना प्रवाह बंद केला.

संगणकाच्या पडद्यावर अधूनमधून एक इशारा उमटतो. त्यात याच प्रकारची गोष्ट सांगितलेली असते. अमुक ॲड-ऑन ब्राउझरच्या नव्या आवृत्तीशी सुसंगत नाही, म्हणून ते बंद करण्यात आले आहे, अशा आशयाचा तो असतो. तो वाचून काही मुले घाबरतात, तर काही न वाचताच तो मिटवून टाकतात. त्याचा अर्थ नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरील पाने उघडून दाखवणारी आज्ञावली. मराठीत काही जण तिला न्याहाळक म्हणतात आणि ते नाव वाईट नाही. टिम बर्नर्स-ली या शास्त्रज्ञाने जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९९० साली पहिला ब्राउझर तयार केला. आज क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज असे अनेक ब्राउझर लोकांच्या वापरात आहेत. ब्राउझर करणारी संस्था त्यात सर्वांना लागणाऱ्या सोयी घालते. परंतु कोणाला इंग्रजी शब्दावर बोट ठेवताच त्याचा अर्थ हवा असतो, कोणाला जाहिराती नको असतात, तर कोणाला शुद्धलेखन तपासून हवे असते. प्रत्येकाची हौस एकच संस्था कोठवर पुरवणार? म्हणून ब्राउझरला बाहेरून जोडता येतील अशा छोट्या आज्ञावल्या निघाल्या. त्यांनाच ॲड-ऑन किंवा एक्स्टेंशन म्हणतात. ब्राउझर करणारे लोक वेगळे आणि ॲड-ऑन करणारे वेगळे, ही गोष्ट येथे विशेष लक्षात ठेवावी. पुष्कळदा ॲड-ऑन करणारा माणूस एकटाच असतो आणि आपला उद्योग सांभाळून उरलेल्या वेळात हौसेने ते काम करतो.

आता ब्राउझरला एखादे ॲड-ऑन आपल्याशी जमत नाही हे कळते कसे? फायरफॉक्सने यासाठी पूर्वी एक साधी युक्ती केली होती. प्रत्येक ॲड-ऑनबरोबर एक छोटी नोंद येत असे. ते ब्राउझरच्या कोणत्या आवृत्तीपासून कोणत्या आवृत्तीपर्यंत चालेल, याचे दोन आकडे त्या नोंदीत असत. ब्राउझरचे अपडेट झाले, की तो आपल्या अंगावरील सर्व ॲड-ऑनच्या नोंदी चाळून पाही. नवा आकडा त्या मर्यादेच्या आत असेल तर काहीच प्रश्न नसे. तो मर्यादेबाहेर गेला, तर त्या ॲड-ऑनची सुधारलेली प्रत निघाली आहे काय, याचा ब्राउझर आधी शोध घेई. तशी प्रत मिळाली नाही, म्हणजे ॲड-ऑन बंद करून तो इशारा देई. बंद केलेले ॲड-ऑन नाहीसे होत नसे. ते कोपऱ्यात पडून राही आणि त्याची नवी प्रत येताच पुन्हा कामाला लागे.

या युक्तीत एक खोट होती. पुष्कळ ॲड-ऑन नव्या आवृत्तीत सुरळीत चालली असती. केवळ त्यांच्या नोंदीतील आकडा जुना राहिला म्हणून ती अडकत. फायरफॉक्सच्या आवृत्त्या फार दिवसांनी निघत, तोपर्यंत हे निभावले. परंतु जून २०११ पासून दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती काढण्याचा प्रघात पडला आणि इशाऱ्यांचा भडिमार होऊ लागला. अखेर जानेवारी २०१२ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीत हा नियम उलटा करण्यात आला. बहुतेक ॲड-ऑन सुसंगतच आहेत असे गृहीत धरावे आणि ज्यांच्याविषयी खरोखर अडचण असेल तेवढीच थांबवावी, असे ठरले. इतका साधा उपाय सुचायला इतका काळ जावा, याचे नवल वाटते.

एवढा त्रास होतो, तर अपडेट करूच नये, आहे तो ब्राउझर बरा आहे, असे कोणाच्याही मनात येईल. परंतु अपडेटमधून केवळ नवे रंग आणि नवी बटणे येत नाहीत. आज्ञावलीत राहून गेलेल्या फटी त्याने बुजवल्या जातात. अशा फटींतून परक्याला संगणकात शिरता येते. ही भीती कल्पनेतील नाही, आणि तिचे उदाहरण पनवेलपासून फार दूरही शोधावे लागत नाही.

पनवेलहून उरणच्या दिशेने गेले, की न्हावा शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर लागते. तेथून निघालेले कंटेनर घेऊन मालमोटारी अहोरात्र या परिसरातून जात असतात. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाच्या विध्वंसक आज्ञावलीने जगभर धुमाकूळ घातला. मर्स्क या डॅनिश जहाजकंपनीचे संगणक तिच्या तडाख्यात सापडले आणि त्या समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या न्हावा शेवा येथील धक्क्याचे काम कोलमडले. वादळ नव्हते, संप नव्हता. धक्क्यावरील यारी शाबूत होत्या. तरीही माल अडला, कारण त्याचा हिशेब ठेवणारे संगणक मुके झाले होते. मर्स्कला पुढे सुमारे ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर यांवरील आज्ञावल्या नव्याने बसवाव्या लागल्या. नॉटपेट्याने पसरण्यासाठी ज्या वाटा वापरल्या, त्यांपैकी एक म्हणजे विंडोज या प्रणालीतील एक फट होती. ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिले होते. मधल्या तीन महिन्यांत ज्यांनी ते घेतले नाही, त्यांच्या संगणकाची ही वाट उघडीच राहिली.

याच घटनेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नॉटपेट्याचा पहिला शिरकाव झाला तो युक्रेनमधील हिशेबाच्या एका आज्ञावलीच्या अपडेटमधून! शत्रूने त्या अपडेटमध्येच विष कालवले होते. असे प्रसंग विरळा. परंतु खोटे अपडेट दाखवून फसवण्याचे प्रकार मात्र नित्याचे आहेत. एखादे अनोळखी पान उघडावे आणि त्यावर ‘तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, येथे दाबा’ असे ठळक अक्षरांत झळकावे, तर तेथे मुळीच दाबू नये. खरे अपडेट ब्राउझरच्या स्वतःच्या मेनूमधूनच मिळते. तेथे त्याच्या माहितीचे पान उघडले, की चालू आवृत्तीचा आकडा दिसतो आणि नवी आवृत्ती असल्यास तीही तेथेच मिळते.

कधी कधी ब्राउझर करणारी संस्थाच आपली सारी रचना पालटते आणि मग एकाच वेळी असंख्य ॲड-ऑन निरुपयोगी होतात. १४ नोव्हेंबर २०१७ रोजी फायरफॉक्सची ५७वी आवृत्ती आली, तेव्हा असेच घडले. जुन्या पद्धतीच्या ॲड-ऑनना ब्राउझरच्या अंतर्भागात वाटेल तेथे हात घालता येत असे. त्यामुळे ती फार कर्तबगार होती. पण त्याच कारणाने ब्राउझरचा एखादा भाग बदलला, की ती मोडत आणि ब्राउझरलाही अडखळवत. नव्या पद्धतीत त्यांना ठरावीक दारांतूनच आत येता येते. ब्राउझर वेगवान झाला, परंतु जी कामे त्या दारांतून करता येत नव्हती, ती करणारी ॲड-ऑन कायमची गेली. क्रोमनेही २०२४ पासून आपल्या जुन्या नियमांवर बेतलेली एक्स्टेंशन टप्प्याटप्प्याने बंद केली. त्यायोगे सुरक्षितता वाढेल, असे क्रोम तयार करणाऱ्या गूगल कंपनीचे म्हणणे होते. जाहिराती अडवणाऱ्या साधनांचे बळ त्याने घटेल, असा आक्षेप पुष्कळांनी घेतला. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

इशारा दिसला म्हणजे दोष ॲड-ऑनचाच असतो, असेही नाही. ४ मे २०१९ रोजी जगभरच्या फायरफॉक्समधील जवळजवळ सर्व ॲड-ऑन एकाएकी बंद पडली. ती विश्वासार्ह आहेत असे सांगणाऱ्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती आणि ते वेळेवर नवे करायचे राहून गेले होते. चूक ब्राउझरच्या संस्थेची आणि शिक्षा मात्र बिचाऱ्या ॲड-ऑनना! दुसऱ्या दिवशी सुधारलेली आवृत्ती निघाली.

म्हणून इशारा आला, की तो पुरता वाचावा. कोणते ॲड-ऑन बंद झाले, हे पाहून त्याच्या माहितीच्या पानावर त्यात शेवटची सुधारणा कोणत्या दिवशी झाली ते पाहावे. ती अलीकडची असेल, तर नवी प्रत येईपर्यंत थोडा धीर धरावा. कित्येक वर्षांत तिकडे कोणी फिरकलेच नसेल, तर ते काढून टाकून तेच काम करणारे दुसरे शोधावे. एका ॲड-ऑनच्या लोभाने जुना ब्राउझर वापरत राहणे हा मात्र तोट्याचा व्यवहार होय.

क्वचित असेही होते, की ज्या कामासाठी ॲड-ऑन लागत होते ते कामच उरत नाही. मराठी वाचकांनी याचा अनुभव घेतला आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले. त्यानंतर मराठी वृत्तपत्रे पडद्यावर दिसू लागली, पण ती ज्याच्या त्याच्या टंकात, म्हणजे फॉन्टमध्ये. संगणक अक्षरे क्रमांकांनी ओळखतो. या टंकांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत, आणि कोणत्या क्रमांकावर कोणते अक्षर हे प्रत्येक जण आपल्या मनाने ठरवी. एका टंकात जेथे ‘क’ तेथे दुसऱ्यात ‘ढ’ असला, तरी विचारणारे कोणी नव्हते. तो विशिष्ट टंक संगणकावर नसेल, तर बातमीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक कचरा दिसे. इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरमध्ये पानासोबत टंकही आपोआप येण्याची सोय होती. फायरफॉक्स ती मानत नसे. तेव्हा ‘पद्म’ नावाचे एक ॲड-ऑन उपयोगी पडे. देवनागरी, तेलुगू, तमिळ अशा लिप्यांतील जुन्या टंकांचा मजकूर ओळखून तो युनिकोडमध्ये पालटण्याचे काम ते करी. ते सुरू असेल, तर मराठी वाचता येई. नव्या आवृत्तीशी त्याचे जमले नाही, तर पुन्हा कचरा!

युनिकोड ही जगातील सर्व लिप्यांसाठी ठरवलेली एकच क्रमव्यवस्था आहे. तिच्यात देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५ आहे; तो मुंबईत, पनवेलात किंवा लंडनमध्ये बदलत नाही. हळूहळू वृत्तपत्रांनी ही व्यवस्था स्वीकारली आणि मजकूर पालटणाऱ्या साधनाची गरज ओसरली. युनिकोडलाही अपडेट चुकले नाही. ‘ॲड-ऑन’ या शब्दाचे पहिले अक्षर ‘ॲ’ २००८ सालापर्यंत तिच्यात स्वतंत्रपणे नव्हते. त्या वर्षीच्या ५.१ या आवृत्तीत त्याला २४१८ हा क्रमांक मिळाला. ज्या संगणकांवर जुने टंक राहिले, त्यांवर या अक्षराच्या जागी पुढेही रिकामी चौकट उमटत असे. वृत्तपत्रांची त्या काळी जुन्या टंकांत साठवून ठेवलेली पाने आज उघडली, तर ब्राउझर कितीही नवा असला तरी मराठी अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरांची तीच अर्थहीन रांग दिसते.