होव्हचे वार्तापत्र : समोरून महाल, आतून भराव

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रायटनला खेटून होव्ह वसले आहे. तिथल्या ब्रन्सविक स्क्वेअरच्या तीन बाजूंना घरे आहेत आणि चौथी बाजू समुद्राला मोकळी. दुरून पाहणाऱ्याला वाटते, हा मलईच्या रंगाचा एकच राजवाडा असावा. दारांवरचे क्रमांक दिसू लागले की कळते, ही सामाईक भिंतींची वेगवेगळी घरे आहेत.

या थाटामागे एका डॉक्टरांचा हात आहे. समुद्राचे पाणी अंगावर घ्यावे आणि प्यावेही, असे सांगणारा ग्रंथ रिचर्ड रसेल यांनी 1750 मध्ये लिहिला. 1783 मध्ये युवराज जॉर्ज ब्रायटनला आला, रमला, आणि त्याच्यामागोमाग पैसेवाले आले. हंगामापुरते का होईना, त्यांना ऐटीत राहायचे होते. ही हौस ओळखून वास्तुरचनाकार चार्ल्स बझबी यांनी 1820च्या दशकात ब्रन्सविक टाउनचा आराखडा आखला.

मेख अशी की बझबींचा आग्रह होता तो दर्शनी बाजूचा. खांब, कठडे, पुढे आलेल्या अर्धगोल खिडक्या सगळे ठरल्याप्रमाणे हवे. मागे ज्याने त्याने आपल्या सोयीने बांधावे. त्या अर्धगोल खिडक्या निव्वळ शोभेच्या नाहीत. चौकातली बहुतेक घरे समोरच्या घरांकडे तोंड करून उभी आहेत; भिंत अशी फुगवली की दिवाणखान्यात बसल्या बसल्या बाजूचा समुद्र दिसतो.

आणि भिंत कशाची? इथल्या गवंड्यांचे खास मिश्रण, ‘बंगरूश’. चकमकीचे दगड, विटांचे तुकडे, खडी, हाताला लागेल ते चुन्यात कालवायचे आणि फळ्यांच्या सेंट्रिंगमध्ये ओतायचे. वर गुळगुळीत गिलावा, त्यावर रेघा ओढून घडीव दगडाचा भास. ‘बडा घर, पोकळ वासा’ ही म्हण इथे तंतोतंत लागू पडावी! नेम धरून पाण्याची नळी सोडली तर अर्धे ब्रायटन वाहून जाईल, असा विनोद खुद्द ब्रायटनकरच करतात. बंगरूशला फार ओल सोसत नाही, फार कोरडेपणाही नाही. म्हणून वरून सिमेंटचा पक्का थर देणारा हल्लीचा कंत्राटदार उपकारापेक्षा अपकारच जास्त करतो. ओल आत कोंडते आणि भिंत सुटू लागते.

आतली मांडणी म्हणजे उभी वर्णव्यवस्थाच. तळघरात स्वयंपाकघर आणि कोळसा, तळमजल्यावर जेवणाची खोली. पहिल्या मजल्यावर सर्वात उंच छताचा दिवाणखाना. पाहुण्यांना मिरवायची जागा तीच. त्यावर झोपायच्या खोल्या आणि पोटमाळ्यावर मोलकरणी. जिना चढताना खिडक्यांची उंचीही माणसांच्या मानाप्रमाणे घटत जाते.

1945 मध्ये होव्हच्या नगर परिषदेपुढे ही घरे पाडण्याची योजना होती. तिला विरोध करण्यासाठी त्याच वर्षी रीजन्सी सोसायटी स्थापन झाली आणि घरे वाचली. आज ती पहिल्या श्रेणीच्या संरक्षित यादीत आहेत. दर्शनी बाजू दर पाच वर्षांनी ठरावीक क्रीम रंगात रंगवण्याचे कायदेशीर बंधन मालकांवर आहे. मागच्या बाजूला मात्र हा दंडक नाही.

तिकडे जाणाऱ्यांनी 13 क्रमांकाचे घर आतून जरूर पाहावे. तिथे रीजन्सी टाउन हाउस हे संग्रहालय आकाराला येत आहे. पण त्याआधी 10 क्रमांकाच्या घराचे तळघर पाहावे. नोकरांचा वावर जिथे होता ते दालन तिथे टिकून आहे, आणि वरचा सगळा डौल त्याच्याच जिवावर चालत असे.