सुभेदाराच्या घरची मुलं

मैत्रिणींनो, घरातलं माणूस पलटणीत असलं की सगळं गाव मान देतं, असं आपण समजतो. पण सगळ्याच घरांना तो मान मिळाला का?

रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. त्यांच्या महार समाजानं पिढ्यान् पिढ्या इंग्रजांच्या पलटणीत चाकरी केली. तरी 1890 नंतरच्या काही वर्षांत सरकारनं महारांची भरतीच थांबवली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा 1917 साली त्यांची पलटण उभारली अन् 1921 साली मोडली!

1901 मध्ये सुभेदारांचा भीमराव, थोरला भाऊ आणि भाचे साताऱ्याहून वडिलांकडे निघाले. अंगावर नवे कपडे, जवळ भरलेला डबा. मसूर स्टेशनात जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरले. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाड्यावर एकजण तयार झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची! पाणी कुणी देईना, म्हणून रात्री डबा असूनही मुलं उपाशीच झोपली. हाच भीमराव म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

दूर अमेरिकेतही असंच घडलं. पहिल्या महायुद्धात तिच्या बाजूनं लढलेल्या जपानी माणसांनाही 1942 साली बायकामुलांसह तारेच्या कुंपणाआड डांबलं. सरकारनं माफी मागितली ती 1988 साली.

उमापूरला वर्गात मसूरची गोष्ट सांगितली की मुली विचारतात, “बाई, पाणी का नाही दिलं?” तुम्हीही घरी मुलांना ही गोष्ट सांगा. अन् आपल्या फडताळात कुणासाठी वेगळा पेला तर ठेवलेला नाही ना, तेही एकदा बघा.