इसबाचा हिशेब

सकाळी अंथरूण आवरताना चादरीवर पांढरा कोंडा दिसतो, मधूनच रक्ताचा एखादा वाळलेला ठिपका. रात्री झोपेत कुठे खाजवलं ते त्यावरून कळतं. मला इसब होऊन बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की समजली. या आजाराची चाल कळली नाही, तर पैसा पाण्यासारखा जातो आणि त्वचा होती तिथेच राहते. म्हणून आधी ती चाल पाहू, मग खर्चाकडे वळू.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. चपट्या मृत पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधले सिरॅमाइडसारखे स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. ही भिंत अंगातलं पाणी आत धरून ठेवते आणि धूळ, जंतू, साबण यांना बाहेर अडवते. इसबात भिंतच कच्ची असते. काहींची जन्मापासून कच्ची असते. फिलॅग्रिन नावाचं प्रथिन बनवणाऱ्या जनुकात दोष असेल, तर अ‍ॅटॉपिक प्रकारच्या इसबाची शक्यता बरीच वाढते, हे स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या अर्विन मॅक्लीन यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवून दिलं. अशा घरांत दमा किंवा सततची सर्दीही बऱ्याचदा आढळते. काहींची भिंत मात्र कामाने झिजते. त्वचेचा सामू ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो. साध्या साबणाचा ९ ते १०. दिवसातून पंधरा-वीस वेळा हात धुणाऱ्यांचा चुना हळूहळू धुऊन निघतो.

भिंतीला फट पडली की नको ते आत शिरतं, शरीराची प्रतिकारयंत्रणा खवळते, त्वचा लाल होते, खाज सुटते. खाजवलं की नखांनी फट रुंदावते. तिथे स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचे जंतू ठाण मांडतात, लस वाहते, खपली धरते आणि खाज दुप्पट होते. रात्री त्वचेतून पाणी जास्त उडून जातं, अंग गरम असतं, लक्ष दुसरीकडे वळवायला काही नसतं, म्हणून खाज रात्री छळते. ‘खाजवू नकोस’ म्हणणारा प्रेमानेच म्हणतो, पण झोपेतल्या हाताला ते ऐकू येत नाही.

लहान मुलाचं इसब आई सांभाळते. मोठ्या माणसाला स्वतःचं इसब सांभाळत घर आणि नोकरीही ओढावी लागते. मोठेपणी ते बरेचदा हातांवर येतं, आणि हातांशिवाय कुठलं काम होतं? रोज लसूण सोलणाऱ्या बाईच्या डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट आधी फुटतात, कारण पाकळी त्याच तीन बोटांत धरलेली असते. गवंड्याला ओल्या सिमेंटमधलं क्रोमेट बाधतं. शेतकऱ्याच्या पापण्या आणि मान गाजरगवताने सुजतात. हे गवत आपल्याकडे १९५० च्या दशकात पुण्यात आढळलं आणि तिथून बांधाबांधांवर पोचलं. अशा माणसाला ‘त्यापासून लांब राहा’ म्हणणं म्हणजे रोजगार सोडायला सांगणं.

बोटांच्या भेगा आणखी एका ठिकाणी आडव्या येतात. एकदा रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा लावला, ठसा उमटेना. ‘पुसून लावा,’ दुकानदार म्हणाला. पुसला, ओला केला, दुसरं बोट लावलं. मागे रांग खोळंबली होती. त्या दिवशी धान्य न घेता परतले. हजेरीच्या मशीनवरही अनेकांची हीच गत होते. त्यात सुटे पैसे हातावर ठेवताना समोरचा बिचकतो. इसब स्पर्शाने पसरत नाही, हे प्रत्येकाला किती वेळा सांगायचं?

आता खर्च. त्वचारोगतज्ज्ञांचं एक सोपं माप आहे. ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलम काढलं की ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं आणि बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला अशी चाळीस मापं, म्हणजे एका वेळी २० ग्रॅम लागतात. मॉइश्चरायझर दिवसातून दोनदा लावायचं तर महिन्याला १,२०० ग्रॅम झालं. समजा १०० ग्रॅमची ट्यूब २५० रुपयांना पडते. मग महिन्याचे ३,००० रुपये नुसत्या ओलाव्यावर गेले. म्हणून लोक वाटाण्याएवढं घेऊन ते अंगभर पुरवतात आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडून देतात. याशिवाय तालुक्याहून शहरात तपासायला जायचं एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज कुठल्याच बिलावर येत नाही.

सगळ्यात महाग पडते ती दुकानातून न विचारता आणलेली स्वस्त ट्यूब. बऱ्याच ट्यूबमध्ये क्लोबेटासॉलसारखं अतिशय जोरदार स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. दोन दिवसांत खाज थांबते, बंद केलं की उसळते, पुन्हा ट्यूब आणली जाते. वर्षभरात त्वचा पातळ होते, त्याखाली गजकर्ण असेल तर ते वेष बदलून पसरतं. २०१८ मध्ये सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, पण सवय अजून मोडलेली नाही. उलट, डॉक्टरांनी नेमून दिलेलं स्टेरॉइड भीतीने अर्धवट लावणंही तितकंच नुकसानीचं. योग्य ताकदीचं, पुरेसं, ठरल्या दिवसांपुरतं लावलं तर ते आग विझवतं. चेहरा, पापण्यांसारख्या नाजूक जागी टॅक्रोलिमस देतात. सुरुवातीला चुरचुरतं, पण त्याने त्वचा पातळ होत नाही.

आजार त्यापुढे गेला तर सायक्लोस्पोरिन, मेथोट्रेक्सेटसारख्या गोळ्या येतात, सोबत ठरावीक दिवसांनी रक्ततपासणी. २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं डुपिलुमॅब दोन आठवड्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शन आहे. ते अनेकांना मोठा आराम देतं, पण सामान्य घराच्या आवाक्याबाहेर आहे. आरोग्यविम्याच्या बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात, आणि इसबाचा माणूस सहसा दाखल होत नाही. तो रोज थोडा थोडा खर्च होत राहतो. वर्षानुवर्षं झोप मोडणाऱ्या आजाराला विम्याने किरकोळ समजावं, हे मला अन्यायाचंच वाटतं.

हातात आहे ते भिंत लिंपत राहणं. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत अंघोळ, अंग टिपून दमट असतानाच मलम. महागडी बाटली परवडत नसेल तर बिनवासाची साधी पेट्रोलियम जेली मोठ्या डब्यात घ्यावी, ती उत्तम काम करते. लिहून दिलेली मलमं जनऔषधी केंद्रात मिळतात का ते विचारावं. भांडी घासताना आत सुती आणि वर रबरी हातमोजे घालावेत. लस, पू किंवा ताप दिसला तर न थांबता डॉक्टर गाठावा.

माझा जेलीचा डबा ओट्यावर मिठाच्या बरणीशेजारी असतो. पूर्वी तो चार महिने पुरायचा आणि मी त्याला काटकसर म्हणायचे. आता महिन्यात तळ दिसतो, आणि चादरीवरचे ठिपके कमी झालेत.